करारापेक्षा विक्रीपत्रात हिस्से लिहा

महोदय,

लग्नापूर्वी मालमत्तेचा करार करावा की नाही, याविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून आणि घराघरांतून बरेच बोलले जाते. साक्षगंधाच्या बैठकीत असा विषय काढणे म्हणजे अपशकुन, असे मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर मसुदा टंकून घेतला आणि नोटरीचा शिक्का मारला की दोघेही सुरक्षित झाले, हा तरुण मंडळींचा समज फसवा आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये अशा कराराची तरतूदच नाही आणि सार्वजनिक धोरणाला बाधक असलेला करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो. पत्नीने पोटगीचा हक्क आधीच सोडून दिल्याचे त्यात लिहिले असेल, तर ते न्यायालयात टिकेल अशी आशा कोणी धरू नये. गोव्यात विवाहापूर्वी असा करार रीतसर करता येतो, कारण तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील तरतुदी आजही चालतात. त्याचा दाखला नागपुरात कामाचा नाही.

मी बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झालो. मनीषनगर, बेसा, वर्धा रोड या भागांतील सदनिकांची प्रकरणे हाताखालून जात, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसे. कर्जाची रक्कम वाढावी म्हणून नोकरी करणाऱ्या सुनेला सहकर्जदार केलेले असे, तिच्या पगारपत्रकाच्या प्रती जोडलेल्या असत, प्रत्येक पानावर तिची सही असे. विक्रीपत्र उघडले की खरेदीदार म्हणून एकट्या नवऱ्याचे, क्वचित सासऱ्यांचे नाव. हप्ता चुकला तर बँक तिच्या दारात जाणार, आणि घरावर मात्र तिचा कागदोपत्री हक्क शून्य! उद्या वाद कौटुंबिक न्यायालयात गेला, तर आपण किती पैसे भरले हे खातेउताऱ्यांवरून सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच येतो, आणि घरखर्च तिच्या पगारातून व हप्ता त्याच्या पगारातून अशी वाटणी असेल, तर तिच्या हाती तेवढाही पुरावा राहत नाही.

म्हणून पती-पत्नींनी करावयाचा खरा करार विक्रीपत्रातच करावा, असे माझे मत आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ प्रमाणे, दोघांनी आपापल्या पैशांतून मिळकत घेतली आणि वेगळे काही ठरवले नसेल, तर ज्याने जितकी रक्कम घातली तितका त्याचा हिस्सा, आणि रकमांचा पुरावा नसेल तर हिस्से समान धरले जातात. पण हे न्यायाधीशांनी ठरवण्याची वेळ का येऊ द्यावी? दोघांची नावे आणि हिश्श्यांचे प्रमाण दस्तात लिहायला एक वाक्य पुरते. ज्यांचे घर आधीच एकाच्या नावे झाले आहे, त्यांना बक्षीसपत्राचा मार्ग आहे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती वा पत्नीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. नोंदणी फी वगैरे खर्च वेगळा, आणि कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यावी लागते. परंतु दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असल्याने नोटरीच्या कागदासारखा तो लटका पडत नाही. शेतीच्या बाबतीत विदर्भाला हे नवे वाटू नये. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन केली होती. शहरातील शिकलेल्या, दुहेरी पगाराच्या घरांत तेवढी उदारता दिसत नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

शासनालाही एक सांगणे आहे. १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण ती खरेदीदार केवळ महिला असेल तरच. पती-पत्नींनी संयुक्त नावे घेतली तर सवलत नाही. त्यामुळे पैसे दोघांचे असतानाही सवलतीसाठी एकट्या पत्नीचे नाव लावले जाते, आणि मग गैरसमजाची बाजू फक्त बदलते. हिस्से नमूद करून संयुक्त नावे नोंदवणाऱ्या दांपत्यांना निदान अर्धा टक्का सवलत द्यावी, आणि गृहकर्ज मंजूर करताना सहकर्जदार पत्नीचे नाव दस्तात का नाही, याचे लेखी कारण बँकांनी दोघांकडूनही घ्यावे.

— एक निवृत्त बँक अधिकारी, नागपूर