काहीच घडलं नाही, त्याबद्दल आभार

प्रिय जीवरक्षक दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट अजून आहे. म्हणून हे पत्र असं उघडच लिहितेय. मनात मी तुम्हांला दादाच म्हणते, तेव्हा इथेही तेच.

मी तुम्हांला आठवणारही नाही. त्या दिवशी सकाळपासून माडाच्या सावलीत सॅक उशाला घेऊन लोळत होते. तीन आठवडे पाठीवर तीच सॅक, एक दिवसाआड रात्रीची बस, रोज नवी खाट. त्या दिवशी काहीही बघायचं नाही, कुठेही जायचं नाही, असं ठरवलं होतं. समोर पर्यटकांची जत्रा भरली होती. छत्र्यांच्या रांगा, बोटींचे भोंगे, फोटोंसाठी चाललेली धडपड. मी अर्धवट झोपेत ते सगळं ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

दुपारी ऊन वाढलं, तशी पाण्यात उतरावंसं वाटलं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, तुमची नजर असलेल्या पोहायच्या जागेत, ही गर्दी, म्हणून जरा लांब गेले. तिथे दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्याशुभ्र फुटत होत्या आणि मधे एक गडद, गुळगुळीत पट्टा होता. लाटाच नाहीत! मला वाटलं, आळसावलेल्या माणसासाठी याहून चांगली जागा नाही. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले आणि शिट्टी ऐकू आली. दुसऱ्या कुणासाठी असेल म्हणून पुढे चालत राहिले. दुसऱ्या शिट्टीपाठोपाठ तुम्ही धावतच आलात.

तुम्ही ओरडला नाहीत. नुसतं ‘तिकडे जा’ म्हणून हाकलूनही दिलं नाहीत. मला वाळूच्या उंचवट्यावर नेलंत, तिथे पडलेलं नारळाचं सुकं सोडण उचललंत आणि त्या गुळगुळीत पट्ट्यात भिरकावलंत. ते किनाऱ्याकडे आलंच नाही. फेसाबरोबर सरळ समुद्राकडे चालू लागलं. बघता बघता ठिपक्याएवढं झालं.

मग एकमेकांना जेमतेम कळेल अशा मोडक्यातोडक्या भाषेत तुम्ही समजावलंत. लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलतात, ते परत तर जायलाच हवं. पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला जिथे खिंडार असतं, तिथून ते जोरात बाहेर पडतं. तिथे पाणी खोल, म्हणून लाटा फुटत नाहीत. आणि फुटत नाहीत म्हणूनच ती जागा शांत दिसते. यालाच रिप करंट म्हणतात. ऊन लख्ख असो, वारा पडलेला असो, दूरच्या वादळाच्या लाटा आल्या तरी तो तयार होतो.

मला पोहता येतं, असं मी म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. हा प्रवाह कधी कधी सेकंदाला २ मीटरहून जास्त वेगाने ओढतो, शर्यतीत पोहणाराही त्याच्यासमोर फार वेळ टिकत नाही. तो खाली खेचत नाही, आत नेतो. माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो, दमतो आणि बुडतो. तेव्हा अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचं आणि मग तिरकं परतायचं. हे सगळं तुम्ही वाळूवर बोटाने रेघा मारून दाखवलंत, आणि ते करतानाही तुमची नजर दर दोन-तीन क्षणांनी पाण्याकडे जात होती. ते मी विसरणार नाही.

नंतर मी झेंड्यांच्या मधे मनसोक्त डुंबले, परत माडाखाली येऊन झोपले, संध्याकाळी सॅकचा उसवलेला पट्टा शिवला. रात्री घरी फोन केला. आईने विचारलं, ‘आज काय केलंस?’ मी म्हटलं, ‘काही नाही गं, नुसती पडून होते.’ हे वाक्य मला बोलता आलं, ते तुमच्यामुळे.

पुढे दुसऱ्या एका किनाऱ्यावर तसाच गुळगुळीत पट्टा दिसला. एक बाबा दोन लेकरांना घेऊन नेमके तिथेच निघाले होते. तिथे ना जीवरक्षकांचा मनोरा होता, ना शिट्टी. मी धावत गेले, वाळूतली एक काटकी उचलली आणि त्या मुलांच्या देखत पाण्यात टाकली. धाकटी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग तिने बाबांचा हात धरला.

तुमची ऋणी,
माडाखाली झोपलेली एक प्रवासी