थांबणारं जहाज

रत्नागिरी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला थर्मोकोलचा कप परवा मिळाला. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलाय. चहाचा कप खोल समुद्रात सोडलास, वर आला तो अंगठ्याएवढा! तू काढलेली होडी आणि ‘बाबा’ ही अक्षरंसुद्धा आवळून बारीक झालीत, पण एकही रेघ तुटलेली नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. हातात धरून पाहिलं ते आता.

आता तुमचं समुद्र-संशोधनाचं जहाज ‘थॉमस जी. थॉम्पसन’ पुन्हा निघणार. जहाज अमेरिकन नौदलाच्या मालकीचं, चालवणार विद्यापीठ, आणि डेकवर विद्यार्थी, हे मला अजून नवल वाटतं. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते थॉम्पसन समुद्राच्या पाण्याचेच रसायनशास्त्रज्ञ होते, हेही मला आवडलं. सिएटलहून निघताना बॅलार्डच्या लॉकमधून, म्हणजे पाणी कमी करून जहाज खाली उतरवणाऱ्या दारांच्या हौदातून, उतराल तेव्हा डेकवर उभी राहा. सरोवर समुद्राहून सुमारे 20 फूट उंच आहे. एवढं मोठं जहाज गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात अलगद उतरताना बघण्यासारखं असतं. पनामा कालव्यातल्या लॉकमध्ये मी सगळं इंजिनरूममध्ये काढलं, वर येऊन पाहिलं नाही.

मी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेल घालणारा, होतो. आमचं जहाज थांबलं की काहीतरी बिघडलेलं असायचं. तुमचं मुद्दाम थांबतं. मागचे दोन आणि पुढचा एक थ्रस्टर (जहाजाला हव्या त्या दिशेला ढकलणारी यंत्रं) फिरवत वाऱ्यात, लाटेत एकाच जागी उभं राहतं, आणि पाण्याचे नमुने घेणाऱ्या 24 बाटल्यांची ती चौकट वायरवरून तासन्‌तास खाली-वर जाते. समुद्रतळावरच्या ॲक्सियल ज्वालामुखीचा माथा तर 1400 मीटर खोल. 1998, 2011, 2015, तीनदा उफाळलेला. असल्या जागांवरून मी किती वेळा गेलो असेन, देव जाणे. खाली काय आहे, असं कधी मनातही आलं नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पाळीला, इंजिनाच्या कूलरसाठी आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचं तापमान लॉगमध्ये लिहायचं असे. एका रात्री अंगात ताप होता. खाली उतरून थर्मामीटर पाहिलाच नाही, आधीच्या वॉचचाच आकडा उतरवला. कोणाला कळलं नाही. पुढे तुझ्याच तोंडून ऐकलं, की जहाजांच्या असल्या जुन्या नोंदींवरून समुद्र किती तापला ते शोधतात, आणि तो आकडा मला बोचायला लागला. एखाद्या बाटलीचं झाकण नीट बसलं नाही, पाणी गळलं, तर तसंच लिही, पोरी. शेजारच्या बाटलीचा आकडा घेऊ नकोस. झोप आली असली तरी.

डेकवर काम करताना वायरखाली उभी राहू नकोस. तिथल्या बोसनचं, डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचं, ऐक, तो प्राध्यापक नसला तरी.

आईने आलेपाक आणि आवळा-सुपारी पाठवलीय, पोट ढवळलं तर तोंडात ठेव. या खेपेला एका कपावर तिचं नाव लिही म्हणते. अक्षरं मोठी काढ.

तुझा,
बाबा