रात्रपाळीच्या सिस्टर, तुम्ही पेनला टोपण लावलंत म्हणून

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. मास्कच्या वरचे डोळे आणि आवाज, एवढंच लक्षात आहे. माझा धाकटा भाऊ आता घरी आलाय. काल त्याने वरणभात पोटभर खाल्ला आणि आईने पदराने डोळे पुसले. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. कुणीतरी हे तुमच्यापर्यंत पोचवेल.

त्या रात्री तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दोन दारं वाजवली होती. पहिल्या दवाखान्यात छातीत दुखतंय म्हटल्यावर ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. "एवढ्या तरण्या पोराला कुठला अटॅक," असं म्हणाले, साधा ईसीजीसुद्धा काढला नाही. दुसरीकडे त्याचे विस्फारलेले डोळे आणि दातांवर दात घासणं बघून त्यांनी बरोबर ओळखलं. पण ओळखून केलं काय? सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, "नशेबाज आहे, पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही." बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आमचे बाबा तिथे हात जोडून उभे होते, आणि पोरगं घामाने निथळत होतं. पहिल्यांना कळलंच नाही, ते एक वेळ समजू शकते. ज्यांना कळलं आणि तरीही ज्यांनी दार लावलं, त्यांचा राग माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. इथे नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी कानाशी जाऊन विचारलं, काय घेतलंयस? नुसती मान हलवली. तुमच्याकडे डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही "काही नाही" हेच उत्तर.

मग तुम्ही बाबांना आणि मला पडद्याबाहेर काढलंत. पुढचं त्याने मला सांगितलं. तुम्ही केसपेपर पालथा घालून बाजूला ठेवलात. पेनला टोपण लावलंत, पेन खिशाला अडकवलंत, आणि स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसलात. "बाळा, आत्ता मी काही लिहीत नाहीये. काय घेतलंस आणि कधी घेतलंस, तेवढं सांग. औषध त्यावर ठरणार आहे." तो म्हणतो, ताई, त्या टोपणाचा टक् आवाज आला आणि मला रडूच फुटलं. मग सगळं बोलला. एमडी, नशेची पावडर. अंबडच्या कंपनीत रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून कुणीतरी हातावर ठेवलं होतं, पुढे ते सुटेना.

त्या एका उत्तरावर किती काय अवलंबून होतं, ते डॉक्टरांनी समजावल्यावर कळलं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ॲम्फेटामाइन या उत्तेजक नशेच्याच कुळातलं. पोटात गेलं की अंगात नॉरॲड्रेनालिनचा, म्हणजे ठोके वाढवणाऱ्या संप्रेरकाचा, पूर येतो. ठोके आणि बीपी एकदम चढतं, हृदयाला जास्त रक्त लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आकसतात. म्हणून ब्लॉकेज नसतानाही, ऐन पंचविशीच्या आत, हार्ट अटॅक येऊ शकतो. कुणाच्या ठोक्यांची लय बिघडते, कुणाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, कुणाच्या महाधमनीचा आतला पदर फाटतो. एरवी धडधडीवर सर्रास दिलं जाणारं बीटा ब्लॉकर अशा वेळी बरेच डॉक्टर लगेच देत नाहीत, कारण आकसलेल्या नळ्या आणखी आवळल्या जाण्याची भीती असते. आधी पेशंटला शांत करणारं इंजेक्शन, मग नळ्या सैल करणारं औषध. म्हणजे सिस्टर, त्याचा इलाज तुमच्या त्या स्टुलावरच सुरू झाला होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा अख्खं नाशिक पेपर वाचून हळहळलं. पण ज्यांच्या घरात ही पुडी शिरते त्यांच्याशी बोलायचं कसं, ते कुणी सांगितलं नाही. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५चा. त्यातल्या ६४ए कलमात, व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळण्याची सोय आहे. कायद्यानेसुद्धा उपचाराचं दार उघडं ठेवलंय. "पोलीस केस" म्हणून ओरडणाऱ्यांना हे ठाऊक नसेल का?

माणुसकी म्हणून काही वेगळं मोठं लागत नाही हो. त्याच रात्री तुमच्या वॉचमनकाकांनी स्वतःची खुर्ची बाबांना दिली आणि स्वतः पहाटेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले. रिक्षावाल्या दादांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही, "आधी पोराला आत न्या" म्हणाले. या माणसांनी आमच्याकडे पाहून नाक मुरडलं नाही, त्याच्या जोरावर बाबा ती रात्र उभे राहू शकले.

त्याच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग थोडं कमी आलंय. नशा पूर्ण थांबली तर अशा हृदयाची ताकद बऱ्याच जणांत पुष्कळशी भरून येते, असं डॉक्टर म्हणालेत. परत सुरू केली तर मात्र हृदय सैल पडून फुगत जातं. व्यसनमुक्ती केंद्रात त्याचं नाव घातलंय, १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर आधी त्यानेच फोन लावला. तिथल्या समुपदेशकांना पहिल्याच भेटीत त्याने तुमचं सांगितलं.

पुढच्या महिन्यात परत इको आहे. काउंटरवर विचारलं तर तुमची ड्युटी कधी असते ते सांगत नाहीत. म्हणून इथेच सांगते. आई म्हणतेय, तुम्हाला एकदा घरी बोलवायचं, पुरणपोळी करून वाढायची, ओटी भरायची. आम्ही सिडकोत राहतो. रात्रपाळी संपवून सकाळी आलात तरी चालेल, आई पहाटेच उठलेली असते.

तुमची,
एका पेशंटची ताई