मुली पाणी का पीत नाहीत, हे विचारणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

डोंगरातल्या त्या प्रशिक्षणाबद्दल फोनवर आभार मानायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, पोरं पोचली ना घरी?" एवढं विचारून फोन ठेवलात. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर. आता ठेवून दाखवा! तुमचं नाव घालत नाही, तेवढं तुमचं ऐकते.

शाळेच्या मुलांना डोंगरात न्यायचं असेल तर आधी बरोबर जाणारी मोठी माणसं तयार करा, हा हट्ट तुमचा. त्या हट्टापायी आम्ही चौदाजण तीन शनिवार-रविवार तुमच्या हाती लागलो. दोन शिक्षिका, एक दातांचे डॉक्टर, एक मोटरमन, बाकी आई-बाप. त्यात मी. बँकेत काउंटरवर बसणारी, पण वीस वर्षं सह्याद्रीत फिरलेली. कळसूबाई उन्हात, पावसात, रात्री, सगळं करून झालेलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की मला बघताच तुम्ही लीडला लावाल.

कोंढिवड्याहून राजमाची चढताना तुम्ही मला शेपटाला लावलंत. दिवसभर. "पुढं जायचं नाही, कुणाला ढकलायचं नाही, तोंड कमी, डोळे जास्त." उधेवाडीत पोचेपर्यंत मी चांगलीच फुगले होते. रात्री पिठलं-भाकरी खाताना तुम्ही सहज विचारलंत, "आज कुणाचा बूट चावला?" तेरा माणसांच्या मागे अख्खी चढण चालून मला सांगता येईना. मोटरमनसाहेबांच्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता आणि ते शेवटचा तासभर वाकडं पाऊल टाकत होते, माझ्या डोळ्यांसमोर. तुम्ही काही बोलला नाहीत. भाकरी मोडत राहिलात. ते जास्त लागलं.

त्याच रात्री त्या चिठ्ठ्या वाटल्यात. आम्ही मुलं व्हायचं आणि चिठ्ठीत लिहिलंय तसं वागायचं. एकाला घरची आठवण, एकीचा दम्याचा पंप सॅकच्या तळाशी, एक जण सगळ्यांना हसून हैराण करणारा. डॉक्टरांच्या चिठ्ठीत काय होतं ते पहाटे तीनला कळलं, त्यांनी स्वतःच्याच अंथरुणावर बाटली ओतली तेव्हा! आम्ही टॉर्च लावले, "काय झालं, काय झालं" करत सगळा वाडा जागा केला. तुम्ही अंधारातूनच म्हणालात, "झालं. आता हे पोरगं दहावीपर्यंत डोंगरात येणार नाही." मग दाखवलंत. टॉर्च जमिनीकडे धरायचा, दोघांनी जायचं, पोराला हळूच बाजूला न्यायचं, जास्तीची स्लीपिंग बॅग द्यायची, आणि सकाळी कुणी विचारलं तर दव पडलं होतं. आमच्या पालकांच्या फॉर्मवर तेव्हापासून एक रिकामी चौकट असते, "फक्त शिबिरप्रमुखांसाठी". तिथे काय काय लिहून येतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दोरांचं तुम्ही थोडक्यात आटपलंत, त्याचा तेव्हा मला राग आला होता. आठाची गाठ, कॅरॅबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू बंद आहे का ते बोटाने चाचपणं, एवढंच. "दोर लावणारा शिकलेला माणूस वेगळा येईल. तुमचं काम रांग दरीपासून लांब बसवणं, आणि तो माणूस आला नाही तर दोर पिशवीतून न काढणं." उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहण शिकलेला माणूस हे सांगतो म्हणून आम्ही ऐकलं. 2021 चं साहसी पर्यटन धोरणही तुम्ही छापून आणलं होतंत. मी ते लोकलमध्ये वाचायला घेतलं आणि बदलापूरला झोपले, हे आज कबूल करते.

पण हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते दुसऱ्या रविवारचं. पाण्यावरचं सत्र होतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे सांगून झालं आणि तुम्ही म्हणालात, "माझ्या चाळीस वर्षांत चक्कर आलेल्यांत पोरी जास्त. पाणी असून पीत नाहीत. का, ते मला अर्धवट कळतं. तुम्ही सांगा." आणि वही उघडून आम्हा सहा बायकांसमोर मांडी घालून बसलात. सुरुवातीला कुणी बोलेना. मग एक शिक्षिका म्हणाली, उघड्यावर जायला लागू नये म्हणून. मग धरण फुटल्यासारखं झालं. आडोसा कुठे आहे ते माहीत नसतं, सरांना विचारायची लाज, पाळी, पॅड टाकायचं कुठे, जीन्स चिखलात. तुम्ही सगळं लिहून घेतलंत. मध्येच पुरुष मंडळींपैकी कुणीतरी चहाचं काय म्हणून उठायला लागले, तर त्यांना खाली बसवलंत.

आता पेठच्या किल्ल्याचं, म्हणजे कोथळीगडाचं. फेब्रुवारीत आम्ही सव्वीस मुलं घेऊन आंबिवलीहून निघालो, मोठी माणसं चार. मी शेपटाला, यावेळी स्वतःहून. निम्म्या चढावर एका आठवीतल्या मुलीची बाटली सॅकच्या खिशात नुसती डुलताना दिसली. काठोकाठ भरलेली. सकाळी सहापासून! पेठ गावात पोचेपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं, हात गार आणि घामेजलेले. सावलीत आडवी केली, पाय सॅकवर, ओला रुमाल मानेवर, साखर-मिठाचं पाणी घोट घोट. नाव, वार, शाळा विचारत राहिले. उत्तरं नीट येत होती. अडखळली असती तर 108 ला फोन करायचं ठरलेलंच होतं. मग शिक्षिकेने तिला घराच्या मागे नेलं, दोन ओढण्यांचा आडोसा केला. परत आल्यावर तिने अर्धी बाटली एका दमात संपवली.

एका मुलाजवळ एकटा मोठा माणूस कधीच नाही, हा तुमचा नियम. म्हणजे तिच्यापाशी आम्ही दोघी. उरले दोघे आणि पंचवीस मुलं, आणि पुढे सुळक्याच्या पोटातून कोरलेला तो अंधारा, उंच पायऱ्यांचा जिना. आठांमागे एक, हा तुमचा दुसरा नियम. वीस वर्षांच्या फिरण्याने मला सांगितलं, "होईल गं, दोघं नेतील." तोंडापर्यंत आलं होतं. मग मोटरमनसाहेबांची टाच आठवली. कुणीही वर गेलं नाही. सुळका समोर दिसत असताना मुलांनी पेठच्या अंगणात लगोरी खेळली. गावातल्या आजींनी ताक दिलं. एका चिरंजीवांनी अभिप्रायात लिहिलं, "किल्ला बघितला नाही. पैसे परत द्या." त्याचं बरोबरच आहे. त्याला डिसेंबरमध्ये फुकट नेतोय.

ती मुलगीही येतेय. परवा तिला आणि तिच्या मैत्रिणींना तुमची ती यादी दाखवली, तुमच्या वहीवरून उतरवलेली. त्यांनी वाचली, एकमेकींकडे बघितलं आणि खाली दोन ओळी वाढवल्या, त्या जशाच्या तशा देते:

"मुलींना वेगळं विचारू नका. दर तासाला सगळ्यांनाच दहा मिनिटं थांबवा, म्हणजे कुणाला सांगावं लागत नाही."

"खड्डा करायची खुरपी सरांच्या सॅकमध्ये नको. आमच्यातल्या एकीकडे द्या."

तुमच्या वहीतही लिहून घ्या. आणि डिसेंबरला याल ना? शेपटाला जागा आहे.

तुमची,
काउंटरवाली