पार्किंगच्या कॉलम रिपेअरबद्दल अध्यक्षांना पत्र

मा. अध्यक्ष साहेब, नमस्कार.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघातिघांनी ठामपणे सांगितलं की राखेमुळे सळ्या गंजतात, नव्या काँक्रीटमध्ये फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) नको. साहेब, हे बरोबर नाहीये, तशी अट कृपया घालू नका.

सळई गंजण्याचं एक मोठं कारण म्हणजे क्लोराईड, म्हणजे मीठ. चांगल्या काँक्रीटचा पीएच 12.5 च्या वर असतो म्हणून सळईवर ऑक्साईडचा पातळ थर टिकतो, क्लोराईड झिरपत तिथवर पोचलं की तो थर जागोजागी फुटतो आणि सळईला खड्डे पडायला लागतात, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो त्यामुळे कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) तडकून ढलप्या पडतात. फ्लाय ॲश इथे उलट मदतच करते, सिमेंटमधल्या चुन्याशी तिची रिॲक्शन होऊन आतली छिद्रं बारीक होतात आणि क्लोराईडला आत शिरायला वेळ लागतो. पण ही रिॲक्शन फार सावकाश चालते. दोन दिवस पाणी मारून सोडून दिलं तर तो फायदा हातात येतच नाही. आयएस 456 मध्ये (काँक्रीटचं भारतीय मानक) अशा काँक्रीटला किमान 10 दिवस क्युरिंग (पाण्याने ओलं ठेवणं) आहे आणि 14 दिवसांपर्यंत वाढवा असंही म्हटलंय, आपण 14 च धरूया. पाणी पण तपासून घ्या, आरसीसीसाठी क्लोराईड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, खारं बोअरचं पाणी नकोच.

मला खरी काळजी कोटेशनची वाटते. त्यात फक्त सुटलेला भाग खरवडून मॉर्टर भरायचा आणि रंग मारायचा असं आहे. क्लोराईडवालं जुनं काँक्रीट आजूबाजूला तसंच राहिलं तर नव्या पॅचच्या कडेची सळई आधीपेक्षा जोरात गंजते, मग थोड्या वर्षांत पॅचच्या शेजारीच परत तडा आणि परत खर्च. म्हणून आधी हाफ सेल टेस्ट, म्हणजे सळईचं व्होल्टेज मोजून गंज ओळखायची टेस्ट करा (कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर रीडिंग उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या वर धरतात) आणि वेगवेगळ्या खोलीवरची ड्रिलची पावडर काढून क्लोराईड मोजून घ्या, तेव्हाच कळेल कुठपर्यंत फोडायचं, आणि गंजलेल्या सळईच्या मागपर्यंत फोडावंच लागेल.

रिपोर्ट येईपर्यंत वर्क ऑर्डर देऊ नका ही कळकळीची विनंती. आणि कॉलम फोडण्याआधी टेकू कुठे, किती लावायचे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीनिशी घ्या, कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजावर सोडू नका.

आपला,
एक सभासद