पाटी लावण्याआधी पश्चिमेची भिंत बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात एका सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी दोन तास ताटकळलो. इमारत नवी, दर्शनी बाजू सगळी निळ्या काचेची आणि नेमकी पश्चिमेला. तीन वाजता ऊन टेबलांवर आले तसे शिपायाने जाड पडदे ओढले. अंधार झाला म्हणून सगळे दिवे लावले आणि एसी १८ वर नेला. पाच वाजेपर्यंत तो आवाज करत होता आणि काचेजवळचे कर्मचारी तरी घाम पुसतच होते. दाराशी पितळी अक्षरांत लिहिले होते, ‘पर्यावरणपूरक इमारत’. हे कोणी ठरवले, असे दोघा-तिघांना विचारले. कुणाला सांगता आले नाही.

मी तीस वर्षे इमारतींचे नकाशे काढले, त्यामुळे असे काही दिसले की गप्प बसवत नाही. सोलापूर महापालिकेच्या शाळा, दवाखाने, विभागीय कार्यालये पुढेही बांधली जाणारच. त्यातल्या एखाद्या इमारतीला ‘हरित’ म्हणायचे असेल, तर तो निर्णय उद्घाटनाच्या आठवडाभर आधी घेऊन चालत नाही. तो कोऱ्या कागदावर घ्यावा लागतो, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

हरित मानांकन देणाऱ्या व्यवस्था आपल्याकडे आहेत. टेरी ही संस्था आणि केंद्राचे नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी २००७ मध्ये ‘गृहा’ हे मानांकन आणले. त्यात शंभराच्या गुणपत्रिकेत २५ गुणांना एक तारा आणि ८५ च्या पुढे पाच तारे. भारतीय उद्योग महासंघाची ‘आयजीबीसी’ (भारतीय हरित इमारत परिषद) २००१ पासून आहे, तिथे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी भाषा. नवी इमारत बांधून झाल्यावर नुसता अर्ज केला की पाटी मिळते, हा समज मात्र खोटा. ‘गृहा’त नव्या इमारतीची नोंदणी आराखड्याच्या वेळी करायची असते, बांधकाम चालू असताना पाहणी होते आणि मिळालेले तारे पाच वर्षांपुरते असतात. पुढे नूतनीकरण करावे लागते. दिल्लीतल्या जोरबागेतले पर्यावरण भवन २०१४ मध्ये सुरू झाले. त्याच्या छतावर ९३० किलोवॅटचे सौर पॅनेल आहेत आणि ते नकाशातच होते. म्हणून सल्लागाराची फी आणि नोंदणीचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात धरा. निविदा निघाल्यावर ठेकेदाराच्या गळ्यात मारलेले ‘हरित’ काम शेवटी रंगाच्या डब्यावरच्या लेबलापुरते उरते.

आणि सगळे गुण सारखे नसतात. कमी वासाचा रंग, चार्जिंगचे सॉकेट, कचऱ्याच्या वेगवेगळ्या पेट्या यांचे गुण पटकन मिळतात. ते घ्यावेत, बिघडत काही नाही. पण सोलापूर उष्ण-कोरड्या हवामानाच्या पट्ट्यात येते. इथे खरी परीक्षा ऊन आणि पाणी यांची.

उन्हाचे गणित सोपे आहे आणि तरी ते रोज चुकते. आपण साडेसतरा अंश अक्षांशाच्या किंचित वर आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त भाजते ती गच्ची. तिच्यावर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी आणि खाली उष्णतारोधक थर हवाच. दक्षिणेच्या खिडकीचे काम छज्जा करतो. सप्टेंबरअखेर भर दुपारी दोन फुटी छज्ज्याची सावली साडेपाच-सहा फूट खाली उतरते. तोच छज्जा पश्चिमेला लावा. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता त्याची सावली जेमतेम फूटभर पडते. बाकी ऊन सरळ आत. तिथे छज्ज्याचा उपयोग नाही. उभे पडदीवजा खांब, जाळी, किंवा मुळात खिडकीच नको. जिने, स्वच्छतागृहे, दप्तराची खोली पश्चिमेला सरकवली की निम्मे काम झाले. यासाठी पैसा लागत नाही, नकाशा फिरवावा लागतो. प्लॉटचे तोंड रस्त्याकडे म्हणून इमारतीचे तोंडही तिकडेच, हा हट्ट सोडावा लागतो. (आमच्या साहेबांना हे कधीच पटले नाही. ‘लोकांना पुढची बाजू दिसली पाहिजे’ म्हणायचे.)

आपल्या आजोबांच्या माळवदात हे सगळे होते. दोन-तीन फुटी दगडी भिंती, वर लाकडी खण आणि मातीचा जाड थर. भर दुपारी आत गारवा. आता कुणी म्हणेल, त्याच घरात रात्री उकडायचे आणि लोक माळवदावर झोपायला जायचे. खरे आहे. जाड भिंतीत शिरलेली उष्णता आत पोचायला बरेच तास घेते, म्हणून ती रात्री बाहेर पडते. पण हाच घराचा दोष कार्यालयाचा गुण आहे! कार्यालय संध्याकाळी बंद होते. उष्णता आत येईल तेव्हा आत माणूसच नसतो. रात्रभर वरचे झरोके उघडे ठेवले की भिंती पहाटेपर्यंत निवतात. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली इंद्रभुवन ही जुनी वास्तू महापालिकेच्या स्वतःच्या ताब्यात आहे. नव्या इमारतीच्या वास्तुविशारदाला मे महिन्यात एक दिवस तापमापक घेऊन तिथे फिरवा, आणि मग एखाद्या काचेच्या कार्यालयात.

विटांचेही तेच. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, कोळशाची राख दाराशी आहे. राखेच्या विटा वापरल्या तर शेतातली काळी माती भाजावी लागत नाही आणि जवळच्या साहित्याचे गुणही मिळतात.

पाण्याचे सोलापूरकराला काय सांगायचे! काही दिवसांआड नळ येतो, घरोघरी बॅरल भरून ठेवलेले. पण हे पाणी उजनीहून शंभराहून जास्त किलोमीटर पंपांनी येते, हे आपण विसरतो. इथे पाणी वाचवणे म्हणजे वीजही वाचवणे. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या गच्चीवरून गळती-बाष्प सोडून चार लाख लिटरहून जास्त पाणी मिळू शकते. बराचसा पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणून टाकी मोठी हवी. ती पाया खणतानाच खणावी. नंतर कोण खणतो?

सौर पॅनेलविषयी थोडेच. किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरा. कार्यालय दिवसाच चालते, त्यामुळे हिशेब जुळतो. पण आपल्याकडची धूळ बघता पॅनेल धुणाऱ्या माणसाचा पगारही अंदाजपत्रकात दिसू द्या.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हरित मानांकनासाठी बिल्डरला ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र (म्हणजे जादा बांधकामाची परवानगी) मिळते. हे क्षेत्र मंजूर करणाऱ्या खात्याने स्वतःच्या इमारतीला तरी निदान तीन तारे मागायला हरकत नसावी.

एक मागणी मात्र ठामपणे करतो. मानांकनाची पाटी लावाल त्याच भिंतीवर दर वर्षी एक कागद लावा. वर्षाची वीज किती युनिट, पाणी किती, इमारतीचे क्षेत्र किती, चौरस मीटरमागे किती युनिट पडले. केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोही कार्यालयांना तारे देताना हाच आकडा बघतो. एसीचा काटा १८ वरून २४ कडे नेला तर दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्यूरोच सांगतो. तो १८ वर नेला जातो आहे की नाही, हे त्या कागदावरून आम्हा नागरिकांनाही कळेल. कागद लावायला निविदा लागत नाही.

आणि पुढच्या कुठल्याही इमारतीचा नकाशा मंजुरीआधी महिनाभर लोकांना पाहायला ठेवा. मी येईन. पहिल्यांदा उत्तर दिशा शोधेन आणि मग पश्चिमेच्या भिंतीवर किती काच आहे ते मोजेन.

आपला,
एक निवृत्त आरेखक, सोलापूर