उड्डाणाबरोबर प्रवासाचा पूर्ण वेळही छापावा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत युरोपातील दोन शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ चौकटीत दिला जातो. शिक्षण-नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मुलांकडे कोल्हापुरातून आता बरेच आईवडील जातात आणि जोडून आणखी एखादे शहर पाहून येण्याचा बेत याच आकड्यांवरून आखतात. म्हणून या चौकटीविषयी थोडे लिहितो.

लंडन-पॅरिस हवाई अंतर सुमारे ३४५ किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर-मुंबईपेक्षा थोडेच जास्त. वेळापत्रकात या उड्डाणाला साधारण सव्वा तास दाखवतात आणि त्यातलाही बराच वेळ विमान जमिनीवर धावपट्टीकडे सरकत असते. परंतु हीथ्रो विमानतळ लंडनच्या मध्यापासून २० किलोमीटरहून दूर, शार्ल द गोल विमानतळ पॅरिसपासून सुमारे २५ किलोमीटरवर; त्यात दोन तास आधी हजर राहणे, सुरक्षा तपासणी, पासपोर्टची रांग आणि सामानाची वाट पाहणे हे मिळवले, तर घरून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंत पाच तास सहज मोडतात. याउलट युरोस्टार रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून निघून, १९९४ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या चॅनल बोगद्यातून, सव्वादोन ते अडीच तासांत थेट पॅरिस शहरात उतरवते आणि फ्रान्सची पासपोर्ट तपासणीही गाडीत बसण्यापूर्वी लंडनमध्येच उरकते. माद्रिद-बार्सिलोनाचेही तेच आहे: विमानाला सव्वा तास, वेगवान रेल्वेला अडीच तास, पण रेल्वे गावात सोडते. फ्रान्सने तर अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येईल अशा काही देशांतर्गत मार्गांवरील विमानसेवा २०२३ मध्ये कायद्यानेच बंद केली.

दुसरा घोळ घड्याळाचा. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे असते आणि तिकिटावर सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची छापतात. त्यामुळे जाताना सकाळी १० ला सुटलेले विमान सव्वाबाराला पोहोचते आणि परतताना दुपारी ३ ला सुटलेले सव्वातीनलाच उतरते. दोन्ही वेळांची सरळ वजाबाकी करणारा प्रवासी पुढच्या गाडीचे आरक्षण चुकवून बसतो.

स्वस्त तिकिटांच्या बाबतीत विमानतळाचे नाव तर मुद्दाम तपासावे. फ्रँकफर्ट-हान नावाने ओळखला जाणारा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. कोल्हापूरचे तिकीट देऊन बेळगावला उतरवावे, तसाच हा प्रकार. वाचलेले पैसे बसभाड्यात जातात आणि रात्रीचे विमान असेल तर वयस्कर माणसांचे हाल होतात, ते वेगळेच.

तेव्हा शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत लागणारा वेळ, विमानतळाचे शहरापासूनचे अंतर आणि वेळा स्थानिक असल्याची सूचना यांना चौकटीत प्रत्येकी एक ओळ द्यावी, ही विनंती. जागा अपुरी पडत असेल, तर हवाई अंतराचा आकडा खुशाल गाळावा. तिकीट काढणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर